पॉप गायक म्युझिकलमध्ये उतरतात तेव्हा: प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनचं वेस्ट एंड आणि न्यूयॉर्कचं ब्रॉडवे हे मोठ्या नाट्यगृहांचे भाग. दोन्हीकडे पॉप गायक-गायिका म्युझिकलमध्ये, म्हणजे गाणी, नाच आणि संवादांतून कथा सांगणाऱ्या नाटकांत, मोठमोठ्या भूमिका करतात. एकाच प्रयोगाबद्दल ‘अंगावर काटा आला’ आणि ‘पैसे वाया गेले’ अशी दोन टोकांची मतं एकाच दिवशी कानावर येतात. ही मतं कुठून येतात आणि तिकीट काढण्याआधी त्यांतून काय घ्यायचं, हे सांगण्यासाठी ही प्रश्नोत्तरं. टाळी किती मोठी होती यापेक्षा ती नेमकी कुठे पडली हे पाहावं, असं आमचं ठाम मत आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच मतावर उभी आहेत.

नाव मोठं असलं की टाळ्या पडणारच. मग त्या टाळ्यांना अर्थ काय?

सगळ्या टाळ्या सारख्या नसतात. कलाकार पहिल्यांदा रंगमंचावर आला की पडते ती एन्ट्रीची टाळी. ब्रॉडवेवर ही सर्रास पडते, लंडनमध्ये कमी. त्या क्षणापर्यंत कलाकाराने काहीच केलेलं नसतं, म्हणजे ती टाळी त्याच्या आधीच्या गाण्यांना असते. तिच्यावरून प्रयोगाबद्दल काहीही कळत नाही.

शेवटी उभं राहून वाजवलेल्या टाळ्यांचंही तसंच. ब्रॉडवेवर ही आता जवळजवळ रीतच झाली आहे. पुढचा माणूस उभा राहिला की मागच्याला काही दिसत नाही, म्हणून तोही उठतो. लंडनचे प्रेक्षक पूर्वी बसूनच टाळ्या वाजवायचे, त्यामुळे तिथे उभं राहण्याला वजन होतं. अलीकडे तिथेही ते सवयीचं झालं आहे.

मधल्या गाण्यांनंतरची टाळी थोडी जास्त बोलकी, पण तिथेही संगीतकाराचा हात असतो. गाण्याचा शेवटचा ठोका मुद्दाम छोटा आणि ठसठशीत ठेवतात आणि त्याच ठोक्यावर प्रकाश बदलतात. या जागेला तिथली मंडळी ‘बटन’ म्हणतात. बटन नीट दाबलं गेलं की बेताच्या गाण्यालाही टाळी मिळते.

मग खरी दाद कुठली? संगीत दिग्दर्शकाने ठेवलेली जागा संपून गेल्यावरही जी टाळी थांबत नाही, ती. गाण्यात नव्हे तर संवादात, वेळ साधल्यामुळे आलेला हशा. हळू आवाजातल्या ओळीला पडलेली, कोणी खोकतसुद्धा नाही अशी शांतता. शेवटची गोष्ट कोणत्याही पॉप मैफलीत शिकायला मिळत नाही, म्हणून ती मिळवणाऱ्या गायकाकडे आम्ही जास्त लक्ष देतो.

प्रयोगाच्या मध्येच सगळं नाट्यगृह उभं राहतं, हे खरंच होतं का?

होतं, आणि अलीकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण निकोल शेर्झिंगरचं. पुसीकॅट डॉल्स या पॉप ग्रुपची ही मुख्य गायिका २०२३ च्या शरद ऋतूत लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये ‘सनसेट बुलेवार्ड’मध्ये नॉर्मा डेझमंड म्हणून उभी राहिली. दिग्दर्शक जेमी लॉईड. तिच्या मोठ्या गाण्यांनंतर, प्रयोग चालू असतानाच, लोक उभे राहत असल्याचं तेव्हापासून सतत सांगितलं जात होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच नाटक ब्रॉडवेच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये गेलं आणि तिथेही तेच झालं. एप्रिल २०२४ मध्ये तिला लंडनच्या रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार आणि जून २०२५ मध्ये ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळाला, दोन्ही म्युझिकलमधल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे.

दुसऱ्या अंकातल्या ‘अ‍ॅज इफ वी नेव्हर सेड गुडबाय’ या गाण्यापाशी नेमकं काय घडतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. मूकपटांच्या काळातली, विस्मरणात गेलेली नटी नॉर्मा कित्येक वर्षांनी पॅरामाउंट स्टुडिओत पाऊल टाकते. गाणं सुरू होतं ते जवळजवळ बोलल्यासारखं, अडखळत. मग जुनी ओळख परत येते तसा सूर भरत जातो आणि शेवटी पूर्ण आवाज लागतो. या चढणीत गायिकेला दाखवायला भरपूर आहे, पण सुरुवातीचं अडखळणं खोटं वाटलं तर शेवटची उंची नुसती गळ्याची कसरत उरते.

लॉईडच्या प्रयोगात या नाटकातला नेहमीचा जिना नव्हता, भरजरी पोशाख नव्हते. काळा मोकळा रंगमंच, साधा काळा स्लिप ड्रेस, अनवाणी पाय, आणि कॅमेऱ्याने मोठ्या पडद्यावर दाखवलेला चेहरा. नजर दुसरीकडे न्यायला जागाच नव्हती. त्यात भर पडली ती गायिकेच्या स्वतःच्या वाटचालीची. ग्रुपची गायिका आणि टीव्हीवरच्या गायनस्पर्धेची परीक्षक म्हणून लोकांनी तिला वर्षानुवर्षं पाहिलं होतं. परत आलेली नटी आणि स्वतःला नव्याने सिद्ध करणारी गायिका प्रेक्षकांच्या मनात एक झाल्या.

असा प्रयोग पाहायला गेलात तर टाळ्या चालू असताना गायिकेकडे पाहा. ती वाकून दाद स्वीकारते का, हसते का, की नॉर्मा म्हणूनच उभी राहते? नॉर्माला टाळ्यांची भूकच आहे, त्यामुळे इथे भूमिकेत राहूनही टाळ्या पिता येतात. दुसऱ्या एखाद्या नाटकात तीच गोष्ट प्रसंग मोडून टाकेल.

तो प्रयोग न आवडलेल्यांची तक्रार काय होती?

तीन तक्रारी वारंवार येतात आणि तिन्ही विचार करण्यासारख्या आहेत. मध्येच उभं राहिल्याने कथेचा धागा तुटतो, ही पहिली. पडद्यावरचा चेहरा इतका मोठा की प्रत्यक्ष माणसाकडे लक्षच जात नाही, ही दुसरी. तिसरी वयाची: मूळ १९५० च्या चित्रपटात नॉर्मा पन्नाशीची आहे, आणि एवढी तंदुरुस्त, नाचणारी बाई ‘संपलेली’ कशी वाटेल? शेर्झिंगरचा जन्म १९७८ चा, म्हणजे लंडनमध्ये ती ४५ वर्षांची होती. आकड्यांत फरक फार नाही. खरा आक्षेप तिच्या शरीराच्या तयारीवर आहे. आमच्या मते तिथेच या मांडणीचं बळ होतं. या बाईत अजून सगळं शिल्लक आहे आणि तरीही तिला कोणी बोलावत नाही, हे पाहणं जास्त बोचतं.

रेकॉर्डवर सुंदर गाणारा आवाज नाट्यगृहात फिका का पडतो?

कारण मायक्रोफोन वेगळा, ऐकण्याची सोय वेगळी आणि आठवडाही वेगळा.

मैफलीत गायकाच्या हातात माइक असतो, ओठांपासून काही सेंटिमीटरवर. हळू गायचं तर जवळ घ्यायचा, जोरात गायचं तर लांब न्यायचा. श्वासमिश्रित, कुजबुजता आवाज त्यावर फार गोड लागतो. म्युझिकलमध्ये मात्र अगदी छोटा माइक केसांच्या रेषेत किंवा कानाजवळ चिकटवलेला असतो. अंतर गायकाच्या हातात राहत नाही. कुजबुज उचलण्यासाठी ध्वनी नियंत्रकाने आवाज वाढवला तर वाद्यवृंद, शेजारच्या नटाचा आवाज आणि कपड्यांची सळसळ हेही वाढतं. त्यामुळे जो आवाज रेकॉर्डवर मखमली वाटायचा तो इथे नुसताच पातळ ऐकू येतो.

मैफलीत कानातल्या मॉनिटरमधून गायकाला स्वतःचा सूर स्वच्छ ऐकू येतो. म्युझिकलमध्ये बहुधा ती सोय नसते. रंगमंचावरच्या स्पीकरमधून जेवढं येईल त्यावर भागवायचं. वाद्यवृंद चालवणाऱ्या संगीत संचालकाचे हात बाल्कनीच्या कठड्यावर लावलेल्या छोट्या पडद्यावर दिसतात, आणि तिकडे बघतोय हे कळू न देता तिकडे बघावं लागतं. सुरुवातीच्या प्रयोगांत पॉप गायक किंचित मागे राहतो किंवा पट्टीवरून घसरतो, त्याचं हे एक मोठं कारण.

आणि आठवडा. ब्रॉडवे आणि वेस्ट एंडवर आठवड्याला ८ प्रयोग हा नेहमीचा हिशोब, त्यांपैकी दोन-तीन दुपारचे. पॉप दौऱ्यात मैफलींच्या मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवता येतात, वरचा सूर कठीण वाटला तर अख्खं गाणं खालच्या पट्टीत घेता येतं, अवघड ओळ श्रोत्यांकडून म्हणवून घेता येते. इथे यातलं काहीच नाही. दोन प्रयोगांच्या दिवशी संध्याकाळी गळा थकलेला असतो, हे लक्षात ठेवून प्रतिक्रिया वाचा.

‘शब्दच कळले नाहीत’ ही तक्रार गायकाची की ध्वनियंत्रणेची?

ओळखायला सोपं आहे. त्याच प्रसंगातल्या दुसऱ्या, मुरलेल्या नटाचे शब्द कळत होते का ते आठवा. त्याचेही कळत नसतील तर दोष यंत्रणेचा किंवा तुमच्या जागेचा. बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगांत आवाज बोथट होतो. फक्त पॉप गायकाचेच शब्द हरवत असतील तर दोष उच्चारांचा. पॉपमध्ये शब्दांच्या शेवटची व्यंजनं सैल सोडतात, स्वर लांबवतात. तिथे ते खपतं, कारण ध्रुवपद चारदा परत येतं. म्युझिकलमध्ये एका कडव्यात कथानक पुढे सरकतं आणि ती ओळ पुन्हा येत नाही. लोक लिहितात त्या तक्रारींत आम्हाला ही सर्वांत उपयोगी वाटते. आवाज आवडला-नावडला हा आवडीचा भाग झाला, शब्द ऐकू येणं हा नाही.

हरकती-मुरक्यांवर निम्मे लोक खूश आणि निम्मे नाराज का?

चाहता त्या हरकतीसाठीच आलेला असतो. तो गळा त्याला ओळखीचा असतो, त्याची खूण पटली की तो ओरडतो. म्युझिकलचा नेहमीचा प्रेक्षक मात्र विचारतो की ही हरकत पात्राची की गायिकेची? पात्र घाबरलेलं असताना सहा सुरांची मुरकी आली तर भीती पळून जाते. शिवाय युगुलगीतात एकाने ओळ लांबवली तर दुसरा अडकतो, आणि समूहगानात शेवटचा सूर एकत्र सुटला नाही तर ते शेवटच्या रांगेलाही कळतं.

पॉप शैलीतच रचलेल्या म्युझिकलमध्ये थोडी मोकळीक असते. तरीही कुठे किती सजवायचं हे संगीत दिग्दर्शक ठरवून देतो, आणि पहिल्या महिन्यानंतर ते वाढत चाललं तर आवरतोही.

कोणत्या भूमिका पॉप गायकांना सोयीच्या पडतात?

‘शिकागो’ हे सर्वांत ठळक उदाहरण. हा पुनरुज्जीवित प्रयोग ब्रॉडवेवर नोव्हेंबर १९९६ पासून चालू आहे आणि अशर (२००६), ब्रँडी (२०१५), मेल बी असे कितीतरी पॉप कलाकार त्यात येऊन गेले. कारणं अगदी व्यवहारी आहेत. वाद्यवृंद रंगमंचावरच बसतो, नेपथ्य जवळजवळ बदलत नाही, रॉक्सी हार्ट या मुख्य पात्राच्या गाण्यांना फार उंच सूर लागत नाहीत. आणि ही पात्रं स्वतःच प्रसिद्धीसाठी हपापलेली आहेत. प्रेक्षकांकडे बघून केलेला नखरा इथे चूक ठरत नाही, उलट शोभतो.

‘कॅट्स’मधली ग्रिझाबेला दुसऱ्या कारणाने सोयीची. रंगमंचावर वेळ थोडा, पण ‘मेमरी’सारखं गाणं तिच्या वाट्याला. शेर्झिंगरने ती डिसेंबर २०१४ मध्ये लंडन पॅलेडियममध्ये केली, लिओना लुईसने २०१६ मध्ये ब्रॉडवेवर. तोटा हा की सगळी परीक्षा एकाच गाण्यावर. ते पडलं तर सावरायला दुसरी जागा नाही.

कधी नाटकच गायिकेसाठी थोडं बदलतं. १९९८ मध्ये टोनी ब्रॅक्स्टन ‘ब्युटी अँड द बीस्ट’मध्ये नायिका बेल झाली तेव्हा अ‍ॅलन मेंकेन (संगीत) आणि टिम राईस (शब्द) यांनी तिच्यासाठी ‘अ चेंज इन मी’ हे गाणं नव्याने रचलं. ते इतकं चपखल बसलं की ती गेल्यावरही नाटकात राहिलं.

गायिका-गीतकार सारा बॅरेलिसची गोष्ट उलटी. ‘वेट्रेस’ची गाणी तिचीच. त्यातली जेना ही मुख्य भूमिका २०१६ मध्ये अभिनेत्री जेसी म्युलरने उभी केली आणि ३१ मार्च २०१७ पासून खुद्द बॅरेलिस ती करू लागली. ‘शी यूज्ड टू बी माइन’ लोकांनी तिच्याच आवाजात आधी ऐकलं होतं, त्यामुळे गाण्याबद्दल कोणाला शंका नव्हती. कुतूहल होतं ते संवादांचं आणि विनोदाच्या टायमिंगचं. अशा वेळी ‘गाणी अप्रतिम’ एवढंच सांगणारी प्रतिक्रिया काहीच सांगत नाही.

‘ले मिझराब्ल’मधल्या पॉप गायक निक जोनसबद्दल लोक अजून का वाद घालतात?

कारण त्याचं काम कॅमेऱ्यात कैद आहे. २०१० मध्ये त्याने लंडनच्या वेस्ट एंडवर मारियुसची भूमिका केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्याच ओ-टू अरिनात झालेल्या, नाटकाच्या २५ व्या वर्धापनदिनाच्या मैफलीतही तो मारियुस होता. चित्रित झाली ती ही मैफल. आजूबाजूला अल्फी बो, लेआ सालोंगा, नॉर्म लुईस, रामिन करिमलू. असे मोठे, तापलेले गळे शेजारी असले की हलका पॉप आवाज आहे त्याहूनही हलका भासतो. समूहगीतात तर तो चटकन झाकला जातो. एरवी नाट्यगृहातली प्रतिक्रिया त्या संध्याकाळीच विरते, पण चित्रीकरणामुळे प्रत्येक नवा प्रेक्षक तीच तुलना पुन्हा करतो. जोनस रंगभूमीला नवखा नव्हता, हेही इथे सांगायला हवं. लहानपणी, २००३ मध्ये, त्याने ब्रॉडवेवर याच नाटकात गावरोश या मुलाची भूमिका केली होती. फरक पडला तो आवाजाच्या जातीमुळे.

ओळखीची गाणी असतील तर सोबत गायला किंवा ताल धरायला काय हरकत?

सोबत गाऊ नये. हे आम्ही निक्षून सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये मँचेस्टरच्या पॅलेस थिएटरमध्ये ‘द बॉडीगार्ड’चा प्रयोग शेवटची साधारण दहा मिनिटं उरलेली असताना थांबवावा लागला. मुख्य भूमिकेत मेलडी थॉर्नटन होती, तीही पुसीकॅट डॉल्सचीच. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ चालू असताना काही प्रेक्षक तिच्यावर कडी करत गाऊ लागले, कर्मचाऱ्यांचं ऐकेनात, पोलिसांना बोलवावं लागलं. उरलेल्या सगळ्यांचा शेवट हुकला.

ताल धरण्यात अडचण ध्वनीच्या वेगाची आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचापासून २५ मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत ठोका पोहोचायला सुमारे ७ शतांश सेकंद लागतात आणि त्याची टाळी परत यायला तेवढेच. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर अर्धा सेकंद असतं, म्हणजे मागच्या रांगेची टाळी गायकाच्या कानी त्या अंतराच्या जवळजवळ तीस टक्के उशिरा पडते. हजार लोकांनी असं केलं की लय ओढली जाते. कानात मॉनिटर नसलेला गायक त्या टाळीमागे जातो आणि वाद्यवृंद पुढे राहतो. शेवटच्या नमस्काराच्या वेळी मनसोक्त ताल धरा, तेव्हा तो हवाच असतो.

गाणं आवडलं तर वन्समोअर मागता येतो का?

आपल्या संगीत नाटकात येतो, इथे नाही. प्रत्येक गाण्याला प्रकाश, सरकतं नेपथ्य, कपडे बदलण्याची वेळ अशा शेकडो गोष्टी बांधलेल्या असतात, आणि प्रयोग ठरलेल्या वेळेपलीकडे गेला तर तंत्रज्ञ व वादकांना जादा मोबदला द्यावा लागतो. पसंती दाखवायची तर टाळी लांबवा. संगीत संचालक थोडं थांबू शकतो.

ज्यांच्यासाठी तिकीट काढलं तेच त्या दिवशी नसतील तर?

आधी बुकिंग करतानाच त्यांचे सुट्टीचे प्रयोग तपासा. दमवणाऱ्या भूमिकेत ठरावीक प्रयोग दुसऱ्या कलाकाराकडे असतात आणि ते आधीच जाहीर केलेले असतात. त्याला ‘ऑल्टरनेट’ म्हणतात. ‘सनसेट बुलेवार्ड’मध्ये लंडनला रेचल टकर आणि ब्रॉडवेवर मँडी गोन्झालेस ठरावीक प्रयोगांना नॉर्मा करत. दोघीही मुरलेल्या म्युझिकल अभिनेत्री.

ऐनवेळी आजारपण आलं तर ‘स्टँडबाय’ किंवा ‘अंडरस्टडी’ उभी राहते. स्टँडबाय फक्त त्यासाठीच थांबलेली असते, अंडरस्टडी एरवी त्याच नाटकात छोटं काम करत असते. बदलाची सूचना लॉबीतल्या फलकावर, कार्यक्रमपत्रिकेत घातलेल्या चिठ्ठीत किंवा घोषणेतून मिळते.

पैशांचं असं: ब्रॉडवेवर कलाकाराचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असेल तर त्याच्या गैरहजेरीत पैसे परत किंवा दुसरी तारीख मागण्याची प्रथा आहे. नाव खाली असेल तर नाही. प्रयोग सुरू होण्याआधी बॉक्स ऑफिसवर जा. मध्यंतरापर्यंत बसून मग मागू नका, मिळणार नाही. तिकीट दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतलं असेल तर त्याच्याकडेच मागावं लागतं. लंडनमध्ये तिकिटाच्या अटींत कलाकार बदलू शकतात असं लिहिलेलंच असतं, त्यामुळे तिथे हक्काने परतावा धरून चालू नये.

एक विनंती मात्र आहे. फलकावर दुसरं नाव दिसलं म्हणून लगेच परत फिरू नका. घोषणेनंतर उमटणारा ‘अरेरे’चा सूर पडद्यामागे ऐकू जातो, आणि त्यानंतर बाहेर येऊन अडीच तास नाटक पेलणाऱ्या अंडरस्टडीला मिळणारी शेवटची टाळी ही आमच्या मते सगळ्यांत प्रामाणिक टाळ्यांपैकी एक असते. ती पूर्णपणे त्या संध्याकाळच्या कामाची असते.

कोणत्या तारखेच्या प्रतिक्रियेवर विश्वास ठेवावा?

अधिकृत शुभारंभाआधीच्या प्रयोगांना प्रीव्ह्यू म्हणतात. या काळात गाणी कापली जातात, लय बदलते, प्रकाश बदलतो. पहिल्या आठवड्यातली ‘ध्वनी वाईट’ ही तक्रार महिन्याभरात खोटी ठरू शकते. शुभारंभाच्या रात्री सभागृहात निर्मात्यांचे, कलाकारांचे आप्त-मित्र भरपूर असतात, त्यामुळे त्या रात्रीचा जल्लोष हिशोबात धरू नका. दुपारचा प्रेक्षक शांत असतो, पण शांत म्हणजे नाराज नव्हे.

चालू नाटकात मध्येच येणाऱ्या पॉप स्टारचं गणित आणखी वेगळं. त्याची तालीम बहुतेक काही आठवड्यांचीच असते, तीही नृत्यप्रमुख आणि रंगमंच व्यवस्थापकाबरोबर. सगळ्या संचाबरोबर, पोशाख-प्रकाशासह पूर्ण तालीम कित्येकदा एकच मिळते. म्हणून पहिले दहा-बारा प्रयोग सोडून नंतरच्या तारखेचं तिकीट काढावं, आणि प्रतिक्रियाही तेव्हापासूनच्या वाचाव्यात.

इतक्या मतांतून नेमकं काय वेचायचं?

आधी तारीख बघा, मग जागा. पहिल्या रांगेतला माणूस डोळ्यांतलं पाणी पाहतो आणि नृत्यरचना गमावतो, वरच्या बाल्कनीतला नेमकं उलट. मग बघा की लिहिणाऱ्याने एखादा संवादाचा प्रसंग सांगितला आहे का. नुसत्या गाण्यांबद्दल लिहिणारा बहुधा चाहता, आणि नुसतं ‘मूळ कलाकाराची सर नाही’ म्हणणारा बहुधा ध्वनिमुद्रिका पाठ असलेला जुना भक्त. दोघांचंही प्रेम खरं आहे, पण आपल्याला हवी असते ती तिसऱ्या माणसाची नोंद, जो म्हणतो, ‘दुसऱ्या अंकात भांडणाच्या प्रसंगात ती समोरच्याचं ऐकत नव्हती, आपल्या वाक्याची वाट बघत होती.’ अशी एक ओळ दहा विशेषणांपेक्षा जास्त कामाची.

स्वतः लिहिणार असाल तर प्रयोगाची तारीख, दुपार की संध्याकाळ, रांग आणि त्या दिवशी भूमिकेत कोण होतं, एवढं सुरुवातीला टाका. मध्यंतरात फोनवर चार शब्द नोंदवून ठेवा, कारण शेवटच्या गाण्याच्या भरात पहिला अंक पुसला जातो. गायिकेचा सूर चुकला असं वाटलं तर गाणं आणि ओळ सांगा. ‘बेसूर’ एवढं लिहून भागत नाही.

फोनवर थोडं चित्रीकरण केलं तर?

प्रयोग चालू असताना चित्रीकरणाला मनाई आहे, दोन्ही शहरांत. लंडनच्या ‘कॅबरे’मध्ये तर आत जातानाच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. काही निर्माते शेवटच्या नमस्काराचं चित्रीकरण करू देतात, ते घोषणेत किंवा फलकावर सांगितलेलं असतं. चोरून काढलेल्या तुकड्यांवरून आवाजाबद्दल मत बनवू नका. फोनचा माइक मोठा आवाज दाबतो आणि हळू आवाज उचलतो, त्यामुळे चढत जाणारं गाणं सपाट वाटतं.

प्रयोगानंतर कलाकार दाराशी भेटतात का?

भेटतीलच असं नाही. स्टेज डोअरला येणं हा कामाचा भाग नाही, आणि पुढच्या दिवशी दोन प्रयोग असतील तर मुख्य गायिका बहुधा न बोलता गाडीत बसते. गळा वाचवायचा असतो. ब्रॉडवेवर कार्यक्रमपत्रिका फुकट मिळते, लंडनमध्ये विकत घ्यावी लागते. सही हवी असेल तर कार्यक्रमपत्रिका आणि पेन आधीच हातात ठेवा. संचातले बाकीचे कलाकारही बाहेर पडत असतात, त्यांनाही दाद द्या.

घरबसल्या ऐकायचं तर अल्बम पुरेसा आहे का?

त्यात आधी कोणाचा आवाज आहे ते पाहा. अल्बम साधारणपणे पहिल्या संचाचा निघतो. ‘वेट्रेस’चा ब्रॉडवे अल्बम जेसी म्युलरचा आहे. बॅरेलिसच्या आवाजात ती गाणी हवी असतील तर तिचा २०१५ चा स्वतंत्र अल्बम वेगळा घ्यावा लागेल. २०२१ मध्ये ती पुन्हा जेना झाली तेव्हा त्या प्रयोगाचं चित्रीकरणही झालं, त्यात संवादांसकट तिचं काम पाहायला मिळतं. ‘शिकागो’त काही आठवड्यांसाठी येऊन गेलेल्या गायकांचे मात्र सहसा अल्बम निघत नाहीत. त्यांचं काम ज्यांनी नाट्यगृहात पाहिलं त्यांच्याकडेच राहतं, म्हणून अशा प्रयोगाची तारखेसकट, प्रसंगासकट लिहिलेली नोंद जपून ठेवावी.